न ऐकू येणारं यंत्र

पिंपळनेरात आमच्या आळीच्या भजनी मंडळाकडे एक जुनी पेटी आहे. सागवानी, साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, रीडच्या दोन ओळींची. कपलर असलेली आणि स्केल चेंजर. गेल्या पावसाळ्यानंतर तिची दशा अशी झाली की भाता मारताच, एकही पट्टी न दाबता, मध्य सप्तकातला मध्यम आपोआप वाजत राहायचा. खर्जातला पंचम दाबला की दबलेलाच राहायचा. कपलरची खुंटी ओढली तर सुरापेक्षा खडखडाटच जास्त. मंडळातल्या बहुतेकांचं मत पडलं की नवी घेऊ. मला ते पटेना. ज्या पेटीवर तीन पिढ्यांनी काकड्याचे अभंग म्हटले, ती एका मध्यमापायी अडगळीत टाकायची? मी ती उचलली आणि नदीपलीकडे राहणाऱ्या आबांकडे नेली.

आबा मूळचे सुतार. पेट्या दुरुस्त करायला ते तरुणपणी शिकले आणि आता सत्तरी ओलांडली तरी पडवीत बसून तेच करतात. त्यांच्या शेजारी मी चार दिवस बसलो. एखादी बंदिश पुन्हा पुन्हा ऐकत गेलं की तिच्या जागा हळूहळू उलगडतात, तसं ते काम माझ्यापुढे उलगडत गेलं. गाण्याचं रसग्रहण आपण करतो, वादनाचं करतो. वाद्य पुन्हा वाजतं करणाऱ्या हातांचं मात्र कुणी फारसं करत नाही. या लेखात तेच करायचं आहे.

मी पेटी ठेवली आणि लगेच झाकणाच्या स्क्रूंकडे हात नेला. आबांनी हात धरला आणि अहिराणीत म्हणाले, "पहिले ऐकी ले, मंग खोल." मग त्यांनी भाता पूर्ण भरला, सोडून दिला आणि नुसते बसून राहिले. आतला भाता किती वेळात बसतो, हवा कुठून सुस्कारत बाहेर पडते, हे ते कानाने शोधत होते. त्यानंतर डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, आधी हळू, मग जोरात. रीडची एकेक ओळ वेगळी, मग दोन्ही एकत्र. शाळेच्या वहीतल्या एका पानावर ४२ रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे एखादा शब्द: 'मंद', 'फुसफुस', 'अडते', 'उशिरा'. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "हाई पेटी बिघडेल नही, दमेल शे." ही पेटी बिघडलेली नाही, दमली आहे. पहिला दिवस एवढ्यावरच संपला. दुरुस्तीची सुरुवात ऐकण्यातून होते, हा धडा मला एका वाक्यात मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. देवळातल्या पेटीच्या आत काय असतं, हे तिथे बसूनच पाहावं. पट्ट्यांमध्ये काळा बुक्का साचलेला. उदबत्तीची राख. चारदोन अक्षता. एका कोपऱ्यात पाच पैशांचं नाणं. खंडोजी महाराजांच्या नामसप्ताहाची परंपरा असलेलं हे गाव. सप्ताहात दिवसरात्र टाळ-मृदंग चालतो आणि पेटीचं झाकण क्वचितच बंद होतं. इतक्या वर्षांचं नामस्मरण धूळ होऊन तिच्या पोटात बसलं होतं. आबांनी ती धूळ फुंकली नाही. फुंकली तर ती रीडच्या फटीत जाऊन बसते. मऊ कुंचल्याने, आतून बाहेर, एका दिशेने ते ती ओढत राहिले. बुक्का वेगळ्या कागदावर जमा केला आणि तुळशीत टाकायला दिला.

मग पट्ट्या निघाल्या. प्रत्येक पट्टीच्या पोटाला मूळ कारागिराने पेन्सिलीने आकडा घातलेला होता. दिसायला सगळ्या सारख्या, पण एकीचीही जागा बदलून चालत नाही. प्रत्येक पट्टीचं भोक तिच्या खिळ्यावर वर्षानुवर्षं घासून तिच्यापुरतं झालेलं असतं. वर्तमानपत्रावर ४२ पट्ट्या ओळीने मांडल्या गेल्या आणि पेटीचं उघडं अंग दिसू लागलं.

एका स्वराचा प्रवास इथे जवळून पाहावा. बोट पट्टीच्या पुढच्या टोकावर पडतं. मागचं टोक उचललं जातं, तिथली चामडं लावलेली झडप भोकावरून उठते. बाहेरच्या भात्याने आत ढकललेली आणि आतल्या भात्याच्या कमानींनी दाबून धरलेली हवा वाट मिळेल तिकडे धावते. ती वाट पितळेच्या एका चौकटीतून जाते आणि त्या चौकटीत पितळेचीच एक पातळ जीभ बसवलेली असते, एका टोकाला रिव्हेटने घट्ट, दुसऱ्या टोकाला मोकळी. तिच्या कडेला केसाएवढी फट. हवा त्या फटीतून जाताना जीभ थरथरते आणि स्वर जन्मतो. बोट उचललं की पट्टीची स्प्रिंग झडप पुन्हा भोकावर बसवते आणि स्वर तुटतो. लाकूड, चामडं, पोलाद, पितळ आणि हवा, पाच जणांनी आपापलं काम वेळेवर केलं तर एक 'सा' होतो. त्यातल्या एकानेही आळस केला, तर बोट तयार असूनही गाणं लंगडं होतं.

आमचा मध्यम का वाजत राहायचा, याचं उत्तर झडपेत सापडलं. चामड्याखालच्या लोकरी बनातीला कसर लागली होती. जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, पण हवेला तेवढं पुरतं. आबांनी जुनं चामडं कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ करून सोलून काढलं. नवं कोकराचं चामडं कापलं आणि सरसाने चिकटवलं. मी विचारलं, बाजारात पांढरा डिंक मिळतो, तो याहून पक्का बसतो, मग सरस का? ते म्हणाले, पक्का बसतो म्हणूनच नको. सरस पाण्याने सुटतो. पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी ही झडप पुन्हा उघडणार आहे, त्याला लाकूड फाडावं लागू नये. आपल्यानंतर येणाऱ्या, कधी न भेटणाऱ्या कारागिराची अशी सोय करून ठेवणं, हा या कामातला सगळ्यात सुंदर अलंकार मला वाटतो. चांगला बंदिशकार नाही का, पुढच्या गायकाला विस्तारासाठी जागा सोडतो?

पंचम अडकायचा तो दमटपणामुळे. पिंपळनेर सह्याद्रीच्या पायथ्याशी, पांझरेच्या काठी. खान्देशातल्या इतर भागापेक्षा इकडे पाऊस जास्त, आणि उन्हाळ्यात मात्र तीच खान्देशी भट्टी. लाकूड जूनमध्ये फुगतं आणि मेमध्ये आक्रसतं. शेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासू लागतात. इथे कुणीही सरळ पटाशी चालवेल. आबांनी पट्टीची कड उजेडात धरली, जिथे घासून चमक आली होती तेवढीच जागा शोधली आणि बारीक पॉलिश पेपरचे दोनच हात मारले. मग त्या कडेवर शिसपेन्सिल फिरवली. पेन्सिलीचं शिसं हे कोरडं वंगण, त्यावर धूळ चिकटत नाही. पूर्वी कुणीतरी याच जागी खोबरेल तेल सोडलं होतं. काही दिवस ते सुळकन चाललंही असणार, पण नंतर त्यात धूळ बसून काळा चिकटा झाला. खडखडाटाचं आणि अडकण्याचं निम्मं कारण तो चिकटा होता. धातूच्या भागांवरचा चिकटा रॉकेलच्या चिंधीने निघाला. चामड्याला आणि रीडला त्या चिंधीचा वासही लागू दिला नाही.

कपलर हा या पेटीतला सगळ्यात चतुर भाग. पट्ट्यांच्या खाली तिरप्या मांडलेल्या बारीक पोलादी तारा असतात, दोन्ही टोकांना वाकवलेल्या, मध्ये आधारावर टेकलेल्या. एका टोकावर पट्टी दाबली की तार स्वतःभोवती किंचित वळते आणि दुसरं टोक बरोबर सप्तकभर अंतरावरची पट्टी ओढतं. एक बोट, दोन स्वर. स्केल चेंजरमध्ये तर पट्ट्यांची अख्खी चौकट उचलून एकेक घर सरकते, म्हणजे गाणारा काळी चारमध्ये गावो की पांढरी एकमध्ये, वाजवणाऱ्याची बोटं ओळखीच्या जागीच राहतात. एवढे हलणारे भाग म्हटले की आवाज आलाच. तार जिथे टेकते तिथली बनात झिजली की धातूवर धातू वाजतो. आबांनी प्रत्येक तारेखाली नव्या बनातीचा तुकडा दिला. कुठे जाड, कुठे पातळ, आणि प्रत्येक वेळी कान लावून. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भाता न मारता, हवेशिवाय, सगळ्या पट्ट्या वरखाली वाजवून पाहिल्या. नुसत्या लाकडाचा मऊ श्वासासारखा आवाज आला, त्यापलीकडे काही नाही. ते मान हलवून हसले. माझ्या दृष्टीने चार दिवसांची समेची जागा तीच.

यंत्र चांगलं बसलं की ते ऐकू येत नाही, हेच त्याचं सौंदर्य, हे मला त्या क्षणी कळलं. आणि ही गोष्ट आपल्या पेटीपुरती नाही. अमेरिकेत पेडल स्टील गिटार नावाचं वाद्य आहे. टेबलासारखं पायांवर उभं, बहुधा दहा तारांचं. तारेवर पोलादी दांडी सरकवून ते वाजवतात, आणि खाली पायाची पेडल व गुडघ्याचे दांडे असतात. पेडल दाबलं की आतल्या सळ्या आणि तरफा तार ओढतात आणि वाजत असलेला स्वर चालू असतानाच दुसऱ्या स्वराकडे झुकतो. १९५४ साली बड आयझॅक्स या वादकाने एका गाण्यात हे प्रथम ठळकपणे ऐकवलं आणि तिकडच्या कंट्री संगीताचा रंग बदलला. आपल्या कानाला ती मींडच वाटते. जुन्या पेडल स्टीलची दुरुस्तीही याच वाटेने जाते: सळ्या क्रमाने काढायच्या, घट्ट झालेलं जुनं तेल पुसायचं, सांधे मोकळे करायचे, स्प्रिंगांचा ताण सारखा करायचा. आणि कसोटीही तीच, पेडल दाबल्याचं कळावं ते स्वराच्या वळणातून, पायाखालच्या खटक्यातून नव्हे.

पेटीला मात्र मींड नाही. या एका उणिवेसाठी तिने फार सोसलं. तिचे बारा स्वर ठरलेले, दोन स्वरांमधल्या श्रुती तिला दाखवता येत नाहीत, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती अंशतः उठायलाही १९७१ साल उजाडावं लागलं. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुतींची हार्मोनियम घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांच्या कसोटीला उतरली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली. तिच्यात पट्टीसाठी खुंटी असते, ती ओढली की त्याच स्वराची दुसरी श्रुती मिळते. शंभर वर्षं माणसं या पेटीच्या पोटात शिरून स्वर शोधत आहेत. ज्या वाद्याबद्दल एवढी तळमळ वाटते, ते उसनं कसं म्हणायचं? एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या या वाद्याला हाताचा भाता मिळाला तो भारतात. मराठी रंगभूमीने तिला कौतुकाने मांडीशी घेतलं. १९११ च्या 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवादनातलं मोठं नाव. आणि या रंगभूमीशी असलेल्या नात्याचा खान्देशाला तर विशेष अभिमान आहे: बालगंधर्वांनी बालपणी गाण्याचे धडे घेतले ते जळगावात, मेहबूब खाँ यांच्याकडे. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला आज बालगंधर्वांचं नाव आहे.

चौथा दिवस रीडचा. दोन ओळी, ८४ जिभा. बऱ्याच जिभांवर हिरवट कळंक चढला होता. मला वाटलं, आता पितांबरी किंवा ब्रासो येईल आणि सगळं सोन्यासारखं लखलखेल. आबांनी काहीच आणलं नाही. त्यांनी पातळ कागदाची पट्टी कापली, जिभेच्या खालून सरकवली, जीभ केसभर उचलली आणि कागद हलकेच ओढून घेतला. कागदावर एक हिरवी-काळी रेघ उमटली. मग नखाने जीभ टिचकावली. टिंग. पुढची. असं ८४ वेळा. एका ठिकाणी कागदाबरोबर बुक्क्याचा एकच कण बाहेर आला आणि वहीत 'मुका' म्हणून लिहिलेला तार सप्तकातला निषाद स्वच्छ बोलू लागला. एका कणाने एक स्वर गिळला होता.

बाकीचा कळंक का ठेवला, हे विचारल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यात या कलेचं सगळं व्याकरण आहे. जिभेच्या मोकळ्या टोकाशी घासलं की ती हलकी होते आणि स्वर चढतो. मुळाशी, रिव्हेटजवळ घासलं की ती लवचीक होते आणि स्वर उतरतो. म्हणजे प्रत्येक घासण्यात सूर हलतो आणि प्रत्येक घासण्यात थोडं पितळ कायमचं जातं. चकाकीसाठी ८४ जिभा घासायच्या तर ८४ सूर बिघडवायचे, मग ते पुन्हा लावायला आणखी घासायचं. ज्या पेटीची रीड असं चारपाच वेळा सोसते ती पातळ होत होत एक दिवस भात्याच्या जोरात तुटते. "पितळ परत येत नाही," एवढंच ते मराठीत म्हणाले. स्वराला नडत होता तेवढाच कळंक काढायचा, डोळ्याला नडतो तो राहू द्यायचा. कुठे थांबायचं हे कळणं ही गाण्यात मोठी सिद्धी मानतात. इथे ती पितळेवर दिसली.

तरी सहा स्वर लावावे लागले. दोन्ही ओळींचा तोच स्वर एकदम वाजवला की, फरक असेल तर आवाजात हेलकावा ऐकू येतो, वावरातल्या पाटाच्या पाण्यासारखा, पुढे-मागे. फरक कमी होत जातो तसा हेलकावा संथ होतो. आबा बारीक कानशीने एकदा स्पर्श करायचे, रीड परत बसवायचे, ऐकायचे. हेलकावा सेकंदाला तीन, मग एक, मग लांबलेला, मग नाहीसा. नाहीसा झाला की ते लगेच कानस खाली ठेवायचे. मोजायला यंत्र नव्हतं, होता तो सत्तर वर्षांचा कान आणि पडवीतली शांतता. त्या वेळी त्यांनी घरातला पंखासुद्धा बंद करायला लावला होता.

शेवटी स्प्रिंगा. प्रत्येक पट्टीच्या टोकावर त्यांनी स्वतःकडची तीच ती दोन जुनी नाणी ठेवून पाहिली. नाण्यांच्या वजनाने पट्टी दबायला हवी, ना कमी, ना जास्त. जिथे फरक पडला तिथे तार पक्कडीने किंचित वळवली. असं केल्यावर ४२ पट्ट्यांचं वजन बोटाला सारखं लागतं. द्रुत तान घेताना वाजवणाऱ्याचं लक्ष पट्टीकडे जात नाही, गाण्याकडे राहतं. म्हणजे पुन्हा तेच: उत्तम यंत्र बोटालाही जाणवू नये.

या कामात काही उणं राहिलं का, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. खर्जाच्या दोन जिभा पूर्वी कुणीतरी इतक्या घासलेल्या होत्या की त्यांचा आवाज आता भरीव होणार नाही. नव्या रीड पालिताण्याहून मागवता येतात, पण त्यांचा रंग जुन्यांत मिसळेलच असं नाही, म्हणून आबांनी त्या तशाच ठेवल्या. झाकणाला गेलेली एक चीरही त्यांनी आतून पट्टी देऊन थांबवली, बाहेरून लपवली नाही. जुन्या वस्तूचं वय पुसून टाकणारी दुरुस्ती मला आवडत नाही. जाणकाराने मूळ स्वरूप राखावं, दोष थोपवावा आणि स्वतःची सही दिसू देऊ नये. या तिन्ही कसोट्यांवर हे काम उतरलं.

पुढच्या एकादशीला पेटी देवळात परत आली. हरिपाठ सुरू झाला. पेटी वाजवणाऱ्या मुलाने पहिला स्वर धरला आणि मी कान देऊन यंत्र ऐकायचा प्रयत्न केला. खटका नाही, सुस्कारा नाही, तारेची टकटक नाही. थोड्या वेळाने मी शोधणं सोडून दिलं आणि टाळ हातात घेतला.

तुमच्या घरी, शाळेत, देवळात कपाटावर एखादी जुनी पेटी असेल. ती खाली काढा. तेल घालू नका, आत फुंकर मारू नका, रीड चमकवू नका. वाजवता येत नसलं तरी रोज पाच मिनिटं भाता चालवा आणि एकेक पट्टी दाबून सोडा. चामडं मऊ राहतं, धूळ बसत नाही, स्प्रिंगा जाग्या राहतात. त्यातूनही ती बोलली नाही, तर गावातला असा एखादा आबा शोधा, आणि तो काम करत असताना शेजारी बसा. ही विद्या शेजारी बसूनच पुढे जाते.